बरं दिसणं आणि बरं होणं

कुत्रा पाळायचा म्हटलं, की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो "कुठल्या जातीचा?" हा. निवारा केंद्रातून आणलेली गावठी कुत्री आहे असं सांगितलं, की समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि मग म्हणतो, "वा, पुण्याचं काम केलंत!" पुण्याचं काम असेलही, पण पुण्याईने जंत पडत नाहीत आणि गोचीडतापही उतरत नाही. त्याला औषध लागतं, वेळ लागतो आणि मुख्य म्हणजे मध्येच थांबून चालत नाही. अशा कुत्र्याला घरी आणल्यावर पहिल्या तीन-चार महिन्यांत काय काय करावं लागतं, त्याबद्दल मी आज बोलणार आहे.

आधी निवारा केंद्रात कोणती कुत्री असतात ते पाहू. मुंबईत १८३२ मध्ये सरकारी हुकमाने मोकाट कुत्री मारायला सुरुवात झाली, तेव्हा पारशी मंडळींनी त्याविरुद्ध मोठा दंगा केला होता. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने तिथे पांजरपोळ ही संस्था उभी राहिली. म्हणजे भटक्या कुत्र्यांना आसरा द्यायची रीत आपल्याकडे जवळजवळ दोनशे वर्षांची आहे. आजची व्यवस्था मात्र वेगळी. २००१ चे, आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे, प्राणी जन्मनियंत्रण नियम यांचं मूळ सूत्र असं, की भटकं कुत्रं पकडावं, त्याची नसबंदी करावी, रेबीजची लस टोचावी आणि जिथून उचललं तिथेच परत सोडावं. कानाला पाडलेली छोटी खाच ही त्याचीच खूण. त्यामुळे धडधाकट कुत्रं निवाऱ्यात फारसं राहत नाही. मागे उरतात ती गाडीखाली सापडलेली, लूत लागलेली, म्हातारी, आंधळी आणि मालकांनी सोडून दिलेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा आवारांतली कुत्री परत न सोडता निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा चांगल्या तब्येतीच्या कुत्र्यांचीही त्यात भर पडेल. तरीसुद्धा निवाऱ्यातून कुत्रं आणायचं म्हणजे बहुतेक वेळा एक रुग्ण घरी आणायचा, हे धरूनच चालावं.

आमची तांबी अशीच आली. वय साधारण तीन वर्षं, वजन अकरा किलो. तिच्या चणीच्या कुत्रीचं ते पंधरा-सोळा असायला हवं. ती एकदा दत्तक जाऊन परत आलेली होती. त्या पहिल्या घरी तिला गोचीडताप निघाला, गोळ्या सुरू झाल्या, चौथ्या दिवशी ती जेवायला लागली, आठव्या दिवशी शेपूट हलवत दारापर्यंत यायला लागली, आणि मग त्या मंडळींनी गोळ्या बंद केल्या. त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. बऱ्या झालेल्या जिवाला उगाच औषधं कशाला, असा विचार आपण स्वतःच्या बाबतीतही करतोच. दोन-तीन महिन्यांनी तिच्या नाकातून रक्त यायला लागलं आणि घाबरून त्यांनी तिला परत आणून सोडलं. निवाऱ्यातल्या कार्डावर हे सगळं तीन ओळींत लिहिलेलं होतं. कुत्रं बरं होण्याच्या कितीतरी आधी ते बरं दिसायला लागतं, हे मला त्या तीन ओळींनी शिकवलं.

हे कार्ड मागून घ्यावं. रेबीजची लस कधी टोचली, जंताचं औषध कधी दिलं, नसबंदी झाली आहे का, आणि पूर्वी काय आजार होऊन गेला, या गोष्टी त्यावर असतात. घरी आधीपासून दुसरं कुत्रं असेल तर नव्याला निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावं. भांडी वेगळी, अंथरूण वेगळं. पार्व्हो किंवा डिस्टेंपर अंगात असला तर तो बहुधा तेवढ्या काळात बाहेर पडतो. आणि घरी नेण्याआधी वाटेतच पशुवैद्याकडे थांबावं. "आधी जरा रुळू दे, मग नेऊ" असं म्हणण्यात जे दिवस जातात ते महागात पडतात.

तांबीचं रक्त तपासलं. कुत्र्याचं हिमोग्लोबिन बारा ते अठराच्या दरम्यान असतं. तिचं पाच पॉइंट चार होतं. प्लेटलेट्स दोन लाखांच्या वर हव्यात, त्या बावीस हजार होत्या. हिरड्या पाहिल्या तर खडूसारख्या पांढऱ्या. हिरडी बघायची सवय कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाने लावून घ्यावी. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते, आणि बोटाने दाबून सोडली की तिथला पांढरा डाग एक-दोन सेकंदांत भरून येतो. (काहींच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, मग खालच्या पापणीची आतली बाजू बघावी.) ताप मात्र हात लावून कळत नाही. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम. आपल्याला १०२ म्हणजे डॉक्टरकडे जायची वेळ. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ असतं.

गोचीडताप म्हणजे काय, तर गोचीड रक्त पिता पिता कुत्र्याच्या शरीरात एक जंतू सोडते. एर्लिकिया कॅनिस त्याचं नाव. हा जंतू पांढऱ्या पेशींच्या आत जाऊन लपतो. प्लेटलेट्स कमी होतात, ताप येतो, अन्नावरची वासना जाते. तीच गोचीड बॅबेसिया नावाचा दुसरा एक परजीवीही देऊ शकते. तो तांबड्या पेशी फोडतो आणि त्याचं औषध वेगळं असतं. म्हणून "गोचीडताप दिसतोय, द्या गोळ्या" असं न करता रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघून घेतलेली बरी. तांबीला एर्लिकियाच होता. कुत्र्यापासून तो आपल्याला थेट होत नाही, हे आमच्या घरी दोनदा समजावून सांगावं लागलं.

पाच पॉइंट चार हिमोग्लोबिनवर औषध लागू पडेपर्यंत ती टिकेल की नाही, अशी शंका डॉक्टरांना होती. त्यांनी रक्त चढवायचं ठरवलं. माणसासारखे कुत्र्यांतही रक्तगट असतात; पण पहिल्यांदाच रक्त घेणाऱ्या कुत्र्याच्या शरीरात दुसऱ्या गटाविरुद्धची तयारी सहसा नसते, त्यामुळे पहिली वेळ बहुतेक निभावून जाते. तरी रक्त जुळवून बघणं उत्तम. रक्त देणारं कुत्रं पंचवीस किलोच्या वरचं, तरुण, लसीकरण झालेलं आणि स्वतः गोचीडतापातून गेलेलं नसावं लागतं. ओळखीतल्या एका घरचा चार वर्षांचा लॅब्रडॉर मिळाला. बिस्किटांच्या आशेवर तो टेबलावर शांत पडून राहिला. त्याचं पाव लिटरच्या आसपास रक्त तांबीला चढवायला चार तास लागले. संध्याकाळी तिने मान उचलून दाराकडे पाहिलं. दुसरं काही नाही, फक्त पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "हे उसनं रक्त आहे. फेडायचं तिचं तिलाच आहे. पुढचे चार आठवडे मला गोळ्या चुकलेल्या चालणार नाहीत."

डॉक्सिसायक्लिन हे ते औषध. जुनं, स्वस्त आणि साधं. ते अठ्ठावीस दिवस द्यायचं असतं. ताप मात्र दोन-तीन दिवसांतच उतरतो, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. ताप उतरला म्हणजे जंतूंची संख्या घटली; पेशींच्या आत दडलेले अजून तिथेच असतात. औषध थांबलं की कुत्रं महिनोन् महिने वरून अगदी ठणठणीत दिसतं, आणि मग एक दिवस आजार परत डोकं वर काढतो. कधी कधी तो थेट हाडांच्या मगजावर बसतो, तिथे रक्त तयार होणंच मंदावतं, आणि मग औषधाचाही फारसा उपयोग होत नाही. तांबी त्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आली होती. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर अठ्ठावीस चौकोनांवर पेन्सिलीने गोल काढून ठेवले आणि गोळी पोटात गेली की एकेकावर फुली मारत गेले. दूधवाल्याच्या खाड्यांसारखंच. दहाव्या दिवशी प्लेटलेट्स नव्वद हजार, अठ्ठाविसाव्या दिवशी एक लाख नव्वद हजार. त्यानंतर महिन्याने पुन्हा एकदा तपासल्या, तेव्हा कुठे डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली.

ही गोळी देण्याची एक पद्धत आहे. ती कोरडी घशात अडकली तर अन्ननलिकेला जखम होते, म्हणून थोड्या अन्नाबरोबर द्यावी आणि वरून पाणी पाजावं. दुधातून देऊ नये, दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं. तांबी पहिले चार दिवस गोळी गालात धरून ठेवायची आणि आम्ही वळलो की सोफ्याखाली टाकायची. पाचव्या दिवसापासून उकडलेल्या रताळ्याच्या गोळ्यात लपवून दिली. त्याआधी साधा रताळ्याचा एक गोळा, मग गोळीचा, मग पुन्हा साधा. तिसऱ्याच्या ओढीने दुसरा न चावता गिळला जातो.

आता खाण्याबद्दल. हाडं दिसणारं कुत्रं घरी आलं की आपला जीव तुटतो आणि आपण ताट भरून पुढे ठेवतो. फार दिवस उपाशी राहिलेल्या प्राण्याला हे घातक ठरू शकतं. उपासाच्या काळात शरीर साखरेऐवजी चरबीवर चालायला शिकलेलं असतं. एकदम भरपूर अन्न आलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं आणि हृदय, स्नायू दगा देतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, छळछावण्यांतून सुटलेली काही माणसं पोटभर जेवल्यानंतर दगावली, त्यामागे हेच कारण होतं. अकरा किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला दिवसाला साधारण सव्वाचारशे कॅलरी लागतात. पहिल्या दिवशी त्याच्या पावपट, म्हणजे चार-पाच चमचे मऊ भात आणि कोंबडीचे चार बारीक तुकडे, तेही चार वेळांत विभागून. मग हळूहळू वाढवत चार-पाच दिवसांत पूर्ण. भुकेल्या कुत्र्याच्या नजरेसमोर रिकामी ताटली उचलून नेणं हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत कठीण काम. आमच्या शेजारच्या काकू मला दोन दिवस निर्दय समजत होत्या.

दूध-पोळी हा आपल्याकडचा कुत्र्याचा परंपरागत खुराक. त्यावर कुत्रं जगतं, भरून येत नाही. मोठ्या कुत्र्यांना दूध बऱ्याचदा पचतही नाही, जुलाब होतात. झीज भरून यायला मांस, अंडं असं काही हवं. तेही बिनमिठाचं, बिनमसाल्याचं. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट मात्र अजिबात नको. कांद्याने तर तांबड्या पेशीच फुटतात, आणि आमच्याकडे त्या एकेक करून जमवणं चाललेलं होतं. जंताचं औषध दिल्यावर तिचं वजन आठवड्याला पाव-अर्धा किलोने वाढू लागलं. पंधरा किलो व्हायला साडेतीन महिने गेले.

गोचीड कुत्र्याच्या अंगावर दिसते तेवढीच नसते, हेही सांगायला हवं. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली उतरते, भिंतीवर चढते आणि चौकटीच्या फटीत, फरशीच्या सांध्यात हजारो अंडी घालते. म्हणजे कुत्र्यावर उपचार केले आणि घर तसंच ठेवलं, तर महिन्याभरात पाहुणे हजर. आम्ही दाराच्या चौकटींच्या फटी बुजवल्या आणि तिचं अंथरूण दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढलं. अंगावरची गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. रॉकेल लावणं, काडीने चटका देणं असले प्रकार करू नयेत. त्यात गोचीड पोटातलं आत ओकण्याची भीती असते. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली बघायला विसरू नये. तिथेच ती बसतात.

लूत हा दुसरा मोठा विषय. "लूत लागलेलं कुत्रं" ही आपल्याकडे शिवीच आहे, पण तो केवळ डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांचा उपद्रव असतो, आणि आता तो पूर्ण बरा होतो. त्याचे मुख्य प्रकार दोन. एक खरजेचा किडा; तो कमालीचा खाजवतो, इतर कुत्र्यांना लागतो आणि माणसालाही काही दिवस खाज देऊन जातो. दुसरा डेमोडेक्स. तो थोड्याफार प्रमाणात निरोगी कुत्र्याच्या केसांच्या मुळाशीही असतो आणि शरीराची ताकद खचली की माजतो. तो माणसाला लागत नाही. कातडी किंचित खरवडून काचेवर घेतली की कोणता ते कळतं. तांबीला दुसरा होता. डोळ्यांभोवती, कोपरांवर आणि पाठीवर हत्तीसारखी राखाडी कातडी. पूर्वी यासाठी औषधी पाण्याने आंघोळी घालाव्या लागत आणि इंजेक्शनं टोचावी लागत. आता महिन्याला किंवा तीन महिन्यांनी एक अशी चघळायची गोळी मिळते, तिने किडे आणि गोचिडी दोन्ही मरतात. स्वस्त नसते, पण सुटसुटीत असते. इथेही तीच गंमत. सहा आठवड्यांत तिच्या पाठीवर तांबूस लव आली. येणारे-जाणारे म्हणू लागले, "अहो, झाली की बरी!" पण खरवडून पाहिलं तर किडे होतेच. महिन्याच्या अंतराने दोन वेळा कातडी स्वच्छ निघेपर्यंत औषध चालू ठेवायचं असतं. तिच्या बाबतीत तो दिवस पाचव्या महिन्यात आला.

लूत लागलेल्या कुत्र्याला गॅरेजमधलं जळकं ऑइल चोपडणारे लोक अजूनही आहेत. कुत्रं ते चाटतं, ते पोटात जातं, कातडीवाटे भिनतं आणि जिवावर बेततं. तसंच माणसाच्या दुखण्यावरच्या गोळ्यांचं. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन या गोळ्या आपल्या अंदाजाने कुत्र्याला कधीही देऊ नयेत. आणि अंगात ताप असताना लसही टोचत नाहीत. तांबीची रेबीजची लस निवाऱ्यात झालेली होती. बाकीच्या आजारांची एकत्रित लस गोळ्या संपल्यावर दिली. चावरं किंवा घाबरलेलं कुत्रं हाताळताना ओरखडा जरी उठला, तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली, की मग तो जवळपास नेहमीच प्राण घेतो. म्हणून लस आधी.

राहिलं मन. त्याचं रक्त तपासता येत नाही. पहिले पंधरा दिवस तांबी दिवाणाखाली पडून असायची. भुंकायची नाही, ओढायची नाही, कशालाही विरोध करायची नाही. "किती शहाणी, किती शांत!" असं सगळे म्हणायचे. काकूंनी तर एकदा विचारलं, "मुकी आहे का हो?" ती शांत नव्हती, भीतीने थिजलेली होती. अशा कुत्र्याला कुरवाळत बसू नये, वाकून डोळ्यांत बघू नये, पाहुण्यांपुढे ओढून आणू नये. मी रोज तासभर तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायची आणि पेपर वाचायची. अकराव्या दिवशी पाठीला ओलसर नाक लागलं. मी वळले नाही.

तिसऱ्या आठवड्यात तिने ताटलीपाशी पहिल्यांदा दात दाखवले. दत्तक गेलेली पुष्कळ कुत्री याच सुमारास परत येतात, कारण घरच्यांना वाटतं, आधी चांगली होती, आता बिघडली. वास्तविक ती सावरत असते. अंगात रक्त आलं, आपलं म्हणण्यासारखं काही मिळालं, आता ते राखायचं आहे. यावर ताटली हिसकावून "मालक कोण" हे दाखवायला जाऊ नये. आम्ही लांबून जाता जाता तिच्या ताटलीत अंड्याचा एखादा तुकडा टाकायचो आणि न थांबता पुढे जायचो. महिन्याभरात माणूस जवळ आलं की ती गुरगुरण्याऐवजी मान वर करून वाट बघू लागली. या काळात साखळी कधीही सोडायची नाही. नव्या घरातून बुजून पळालेलं कुत्रं परतीचा रस्ता ओळखत नाही. दिवाळीचे चार दिवस तर तिला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पंखा मोठा करून ठेवलं.

सोसायटीत कुरबुर झालीच. त्यासाठी महापालिकेचा परवाना आणि लसीकरणाचं कार्ड फाइलला लावून ठेवावं. घरात कुत्रं पाळायला सोसायटी सरसकट बंदी घालू शकत नाही, असं भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. अर्थात जिन्यात घाण झाली तर ती आपण उचलायची, हेही त्यात ओघाने आलंच. आमच्या सेक्रेटरींचा मुख्य आक्षेप असा होता, की कुत्रं आहे पण राखणीच्या उपयोगाचं नाही, तोंडातून आवाजच काढत नाही. चौथ्या महिन्यात एका दुपारी गॅसवाला सिलिंडर दारात आपटून उभा राहिला आणि तांबी पहिल्यांदा भुंकली. एकदाच, पण असं, की काकू हातातला झारा घेऊनच बाहेर आल्या. तेव्हापासून गॅसवाला खालूनच हाक मारतो.